थेट नगराध्यक्ष-निवडणूक आणि मध्यममार्गी मतदार : धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात

महाराष्ट्रात महापौर हे पद महानगरपालिकेचे असून त्याची निवड नगरसेवक करतात; नगरपरिषदेचा प्रमुख नगराध्यक्ष होय. धाराशिव जिल्ह्यात महानगरपालिका नाही. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम व परंडा अशा आठ नगरपरिषदा येथे आहेत. नगराध्यक्ष मतदारांनी निवडावा की सदस्यांनी, याविषयीची तरतूद वारंवार बदलत आली आहे. २००१ मध्ये थेट निवडणूक झाली. २००६ पासून निवड सदस्यांकडे गेली. २०१६ मध्ये थेट पद्धती परत आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा स्वीकारण्यात आली. डिसेंबर २०२५ मधील निवडणुका याच पद्धतीने झाल्या. या फेरबदलांचा सर्वांत मोठा परिणाम मध्यममार्गी मतदारावर होतो.

मध्यममार्गी मतदार म्हणजे उदासीन मतदार नव्हे. कोणत्याही पक्षाशी, गटाशी वा जातीय समूहाशी ज्याचे मत कायमचे बांधलेले नाही, तो मध्यममार्गी. डंकन ब्लॅक यांनी १९४८ मध्ये व अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये असे प्रतिपादन केले की, मते एकाच प्रश्नरेषेवर मांडता येत असतील व उमेदवार दोनच असतील, तर दोघांनाही मध्यावरील मतदाराकडे सरकावे लागते. प्रभाग लहान असतो. तेथे घराघरांतील नाती व उपकार यांचा हिशेब उमेदवारास तोंडपाठ असतो. संपूर्ण नगर हाच मतदारसंघ झाला म्हणजे तो हिशेब अपुरा पडतो आणि अपरिचित मतदाराचे मन वळविणे भाग पडते. थेट निवडणुकीच्या समर्थनाचा तात्त्विक आधार हाच आहे.

परंतु हा सिद्धांत येथे जसाच्या तसा लागू पडत नाही. सर्वाधिक मते मिळविणारा विजयी, असा नियम असल्यामुळे निम्म्याहून अधिक मते आवश्यक नसतात. समजा, शंभर मतदारांपैकी पासष्टांनी मतदान केले व उमेदवार चार आहेत. तर बावीस मतेही विजयास पुरू शकतात. बावीस निष्ठावंत हाताशी असलेल्या उमेदवारास मध्यममार्गीयांनी घरी बसणेच सोयीचे ठरते. म्हणजे पद्धती बदलल्याने संधी निर्माण होते. ती आपोआप फलद्रूप होत नाही.

मग हा मतदार मतदानकेंद्रापर्यंत यावा कसा? ॲलन गर्बर व डोनाल्ड ग्रीन यांनी १९९८ मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथे केलेल्या प्रयोगात प्रत्यक्ष दारी जाऊन केलेल्या आवाहनाने मतदान स्पष्टपणे वाढले. दूरध्वनीने मात्र वाढले नाही. तथापि लहान नगरात दारी येणारा कार्यकर्ता बहुधा परिचित असतो, आणि त्याच्या आवाहनाबरोबर गटाचा आग्रहही येतो. म्हणून येथे केवळ मतदानाची टक्केवारी वाढविणे पुरेसे नाही. मतदारास प्रभागातील सदस्यांसाठी व नगराध्यक्षासाठी स्वतंत्र मते असतात. प्रचारात ती सर्व एकाच पॅनेलच्या पदरात मागितली जातात. प्रभागात नात्याचा मान राखून नगराध्यक्षपदाचे मत स्वतंत्र विचाराने देता येते, ही जाणीव मध्यममार्गी मतदारास होणे हेच त्याच्या संघटनाचे खरे सार होय.

असे स्वतंत्र मत कोणत्या प्रश्नावर मागावे, हेही यावरूनच ठरते. या अवर्षणप्रवण जिल्ह्यात पिण्याच्या पाण्याचा प्रश्न कोणत्याही एका प्रभागाचा नाही. तुळजापुरात यात्राकाळातील स्वच्छतेचा भारही साऱ्या नगरावर पडतो. अशा सामायिक प्रश्नांवर मध्यममार्गी मतदार एकत्र येऊ शकतो.

या स्वातंत्र्यास किंमतही आहे. स्वतंत्र मतदानामुळे नगराध्यक्ष एका पक्षाचा व सभागृहातील बहुमत दुसऱ्याचे, अशी स्थिती उद्भवू शकते. आणि अर्थसंकल्पास तर सभेचीच मंजुरी लागते. नगराध्यक्षाच्या निवडीत मध्यममार्गी मतदार निर्णायक ठरला, परंतु प्रभागात तो गटाच्या बंधनातच राहिला, तर त्याने निवडलेला प्रमुख सभागृहात एकाकी पडण्याचा संभव राहतो. यास्तव थेट निवडणुकीचे यश नगराध्यक्षाच्या मताधिक्यावरून मोजणे अपुरे होय. प्रभागातील मतही हळूहळू विचाराधीन होते किंवा नाही, ही तिची खरी कसोटी आहे.