गाईचा कौल

१९६४ साली रूथ हॅरिसन या इंग्लिश लेखिकेचे ‘ॲनिमल मशिन्स’ हे पुस्तक आले आणि ब्रिटनमध्ये खळबळ उडाली. कोंबड्या, वासरे, डुकरे यांना कारखान्यातल्या यंत्रांसारखे वागवले जाते, हा त्यांचा आरोप. सरकारने प्राध्यापक ब्रॅम्बेल यांची समिती नेमली. पुढच्याच वर्षी तिचा अहवाल आला. जनावराला उठता-बसता यावे, वळता यावे, अंग चाटता-खाजवता यावे, हातपाय ताणता यावेत, इतकी ती माफक मागणी होती. त्यातूनच १९७९ मध्ये ‘पाच स्वातंत्र्ये’ आकाराला आली : भूक-तहान, गैरसोय, दुखणी-जखमा आणि भीती यांपासून सुटका, अन् स्वभावाप्रमाणे वागण्याची मोकळीक.

हे विलायतेतले खूळ म्हणून सोडून देता येत नाही. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जल्लीकट्टू आणि बैलगाडा शर्यती बंद केल्या, तेव्हा निकालपत्रात याच पाच स्वातंत्र्यांचा आधार घेतला होता. पुढे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींना वाट देणारी महाराष्ट्राची कायदादुरुस्ती वैध ठरवली आणि शर्यतींवरची टांगती तलवार गेली. शर्यतीच्या बैलावरून आपण वर्षानुवर्षे हमरीतुमरीवर आलो. दावणीला बारा महिने बांधलेल्या गाईबद्दल मात्र कोणी चकार शब्द काढला नाही.

जनावराला काय हवे हे ठरवायचे कोणी? ब्रॅम्बेल समितीने पिंजऱ्याच्या तळाला बारीक षटकोनी जाळी नको, असे सांगितले होते. कोंबडीच्या पायाला ती टोचत असणार, हा तर्क. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या संशोधकांनी कोंबड्यांपुढेच निरनिराळ्या जाळ्या ठेवल्या, तर त्यांनी नेमकी तीच बारीक जाळी पसंत केली. समितीवर कोंबडी नव्हती, त्याचा हा परिणाम! तेव्हापासून प्राणिकल्याणाच्या शास्त्राची रीतच पालटली. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाने गाईंपुढे ढकलून उघडायचे दार ठेवले आणि त्यावरचे वजन वाढवत नेले. दारापलीकडे कधी ताजी वैरण, कधी कुरण. वैरणीसाठी गाई जेवढा जोर लावत, तेवढाच कुरणात जाण्यासाठीही लावत, असे संशोधकांना दिसले. हा निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. गाईचा कौल याहून स्पष्ट कसा मिळणार?

आपल्याकडे हा कौल वेगळ्याच वाटेने ऐकला गेला. पश्चिम महाराष्ट्रात मुक्त संचार गोठा पसरला तो भूतदयेपोटी नव्हे, शेण काढायला माणूस मिळेना म्हणून. मधोमध गव्हाण, वर सावलीपुरते पत्रे, भोवती जाळीचे कुंपण, एका कोपऱ्यात कायम भरलेला हौद आणि अंग घासायला खांबाला बांधलेला ब्रश, एवढाच त्याचा थाट. बांधलेल्या गाईला दिवसातून दोन-तीनदा बादली दाखवली जाते. एक लिटर दुधामागे तिला साधारण चार-पाच लिटर पाणी लागते, ते ती मोकळी असली की तहान लागेल तेव्हा पिते. मोकळी दुभती गाय दिवसाचे बारा-एक तास बसून काढते. ओल्या कोब्यावर तेवढी बसत नाही, आणि उभे राहून राहून खूर दुखावतात. पण याच गोठ्यात पावसाळ्यात घोट्याएवढा चिखल झाला की खूर सडतात, कासदाह बळावतो. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या कोकणात हा नकाशा जसाच्या तसा उचलणे म्हणजे शुद्ध आडमुठेपणा.

चाऱ्याचे प्रकरण जास्त गुंतागुंतीचे आहे. गळीत हंगामात साखरपट्ट्यातल्या गोठ्यांत गव्हाणी उसाच्या वाढ्यांनी भरलेल्या असतात. वाढे स्वस्त आणि हिरवेगार, गाय आवडीने खाते. पण त्यातले ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून ठेवते, ते गाईच्या अंगी लागत नाही. आधीच कॅल्शियमची ओढ असलेली गाय व्याली आणि चिकात उरलेसुरले गेले, की ती खाली बसते, कान गार पडतात, मान कुशीकडे वळवून निपचित पडते. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम सोडतात आणि बहुतेक वेळा ती थोड्या वेळात उठून उभी राहते. बघणाऱ्याला चमत्कार वाटतो. खरे तर चुन्याची निवळी, मूठभर खनिज मिश्रण आणि जोडीला लसूणघास यांवर टळणारे हे दुखणे आहे. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाच्या संतुलित आहार कार्यक्रमातही हेच दिसले : पेंड नको तितकी आणि खनिजे अपुरी. आहार जुळवला तेव्हा खर्च घटला आणि लिटरमागचा मिथेनही.

मिथेन गाईच्या ढेकरांतून जातो, आणि त्याबरोबर चाऱ्यातली दोन ते बारा टक्के ऊर्जाही. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून ‘हरित धारा’ हे पूरक खाद्य तयार केले. त्याने मिथेन १७ ते २० टक्के घटतो, असे संस्था सांगते. चांगलेच आहे. पण २०१९ च्या पशुगणनेत देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि जवळजवळ ११ कोटी म्हशी मोजल्या गेल्या, आणि त्यांतली कितीतरी जनावरे माळावर चरतात. त्यांना रोज पुडी कोण देणार? शिवाय दोन लिटरची गाय दहा लिटरवालीच्या एकपंचमांशच ढेकरा देते असे नाही. म्हणून जास्त दुधाची गाय पर्यावरणाला परवडते, असे गणित मांडले जाते. पण जास्त दुधाची हीच संकरित होल्स्टीन गाय एप्रिलच्या उन्हात धापा टाकते आणि तिचे गाभण राहणे लांबते. तिचा गोऱ्हा तर कुणालाच नको असतो. २०१५ पासून राज्यात गोवंशहत्याबंदी आहे, पण त्याच्या वाट्याच्या दुधाला कायदा नाही. लिंगनिर्धारित रेतमात्रांनी सुमारे ९० टक्के कालवडी मिळतात. माझ्या मते प्राणिकल्याणाच्या दृष्टीने अलीकडच्या संशोधनातली ही सर्वांत मोठी गोष्ट आहे, तिची जाहिरात मात्र फक्त नफ्यासाठी होते.

संकलन केंद्रावर गाईच्या दुधाचा भाव ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ (स्निग्धेतर घनांश) यांवर ठरतो. कास सुजली की दुधातल्या सोमॅटिक पेशी वाढतात. युरोपात त्यांची मर्यादा मिलिलिटरला चार लाख आहे, सरासरी सतत त्याहून वर राहिली तर दूध घेतले जात नाही. आपल्या दूध संघांनी पावतीवर हा तिसरा रकाना छापावा आणि कमी पेशींच्या दुधाला चार पैसे जास्त द्यावेत. मग कोरडी जागा आणि भरलेला हौद यांसाठी शेतकऱ्याला व्याख्यान द्यावे लागणार नाही.