चूल पेटलेल्या घरातली भूक

निपाणीहून संकेश्वरकडे निघालं की दोन्ही अंगांना ऊस. वेदगंगा, दूधगंगा, हिरण्यकेशी, घटप्रभा यांच्या पाण्यावरचा हा मुलूख. त्यामुळे या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागात भुकेचा विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं, “आमच्याकडं उपाशी कोण ऱ्हातंय?” हे उत्तर मनापासून दिलेलं असतं. चूलच पेटली नाही असं घर आता विरळा. पण चूल पेटली म्हणजे भूक संपली, हाच या भागातला सगळ्यांत घट्ट गैरसमज आहे. भात शिजतो, पण डाळ नसते. दोन वेळचं जेवण होतं, पण महिनाअखेरीस उधारीवर. घरात सगळे जेवतात, पण बाई शेवटी बसते आणि उरलेलं खाते. अन्नाची असुरक्षितता म्हणतात ती हीच.

शिवार भरलेलं, ताट रिकामं

ऊस आणि तंबाखू ही दोन्ही विकायची पिकं. ती पिकवणाऱ्याचं आणि तोडणाऱ्याचं पोट भरतं ते हातात येणाऱ्या पैशावर. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दुष्काळांवरच्या पुस्तकात १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा दाखला देऊन हेच मांडलं. माणसं अन्न नसल्यामुळेच मरतात असं नाही, असलेलं अन्न मिळवण्याची ऐपत गेली तरी मरतात. योगायोग असा की त्याच १९८१ साली निपाणीचे तंबाखू उत्पादक शरद जोशींच्या नेतृत्वाखाली पुणे-बंगळूर रस्त्यावर बसले होते. मागणी भावाची होती. एप्रिलमध्ये गोळीबार झाला, शेतकरी मेले.

त्याच तंबाखूच्या वखारीत राबणाऱ्या बायकांची कथा त्याहून कमी सांगितली गेली. युगांतर या गटाने १९८२ मध्ये त्यांच्या संघटनेवर माहितीपट केला, अनिल अवचटांनीही त्यांच्यावर लिहिलं. घरी बिडी वळणाऱ्या बाईची मजुरी आजही हजार बिड्यांवर ठरते. पान खराब निघालं, बिडी छाटात गेली, की मजुरी कापली जाते. ही कपात सर्वांत आधी कुठे दिसते? दुधात, भाजीत, डाळीत. तांदूळ रेशनवर येतो, म्हणून भात राहतो.

तांदूळ मिळाला की झालं?

माणसाला किती धान्य पुरेल, हा हिशेब या भागावर पूर्वीही लादला गेला आहे. १८७६ ते ७८ च्या दुष्काळात मुंबई इलाख्यातले बेळगाव, धारवाड, कलादगी हे जिल्हे होरपळत होते. तेव्हा इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराला रोज एक पौंड धान्य, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम, आणि वर एक आणा पुरेसा ठरवला. मद्रास इलाख्यातले डॉक्टर विल्यम कॉर्निश यांनी त्याला जाहीर विरोध केला. राबणाऱ्या माणसाला दीड पौंड धान्य लागतं, शिवाय डाळ आणि भाजी लागते, असं त्यांचं म्हणणं होतं. पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही सरकारकडे तक्रारी केल्या. आपण आजही बऱ्याचदा टेंपलसाहेबाच्याच मापाने विचार करतो, याचं मला वाईट वाटतं.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने माणशी महिना ५ किलो धान्याचा हक्क दिला. अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. त्याच वर्षी कर्नाटकात अन्नभाग्य ही राज्याची रेशन योजना सुरू झाली. २०२३ मध्ये राज्याने आणखी ५ किलोचं वचन दिलं. तांदूळ मिळेना म्हणून आधी किलोला ३४ रुपयांप्रमाणे माणशी १७० रुपये खात्यात जमा केले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीपासून तांदूळच दिला. दहा किलो म्हणजे दिवसाला सुमारे ३३३ ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला २५० ग्रॅम धान्य सुचवलं आहे. म्हणजे धान्य भरपूर झालं. पण तीच मार्गदर्शिका डाळी, कडधान्यं किंवा अंडी-मांस मिळून दिवसाला ८५ ग्रॅम सांगते. पाच जणांच्या घराला महिन्याला पावणेतेरा किलो. बिडी वळणाऱ्या घरात महिन्याला किती डाळ येते, हे किराणा दुकानदाराला विचारा. जादा ५ किलो तांदळाऐवजी तूरडाळ, तेल, साखर, मीठ असा संच द्यायचा निर्णय कर्नाटक मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये घेतला. डाळीचा मुद्दा निदान पटलावर आला, हे मला मोलाचं वाटतं.

“फुकटच्या तांदळानं लोक आळशी झाले”

शेतात माणूस मिळेना की बांधावर हे हमखास ऐकू येतं. सरकारच्याच ३४ रुपयांच्या दराने दहा किलो तांदळाचे ३४० रुपये होतात, पाच जणांच्या घराचे १७००. एवढ्यात गॅस, तेल, डाळ, औषध, मुलांची वही काहीच बसत नाही. राबायचं कोणी थांबवू शकत नाही. फार तर पडेल त्या मजुरीला नाही म्हणायची थोडी ताकद येते, आणि खरी तक्रार तिचीच असते.

“रेशनचा तांदूळ प्लॅस्टिकचा हाय”

तांदूळ पाखडताना काही दाणे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, आणि बायका ते वेचून टाकतात. ते प्लॅस्टिकचे नव्हेत. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून यंत्रातून काढलेले ते दाणे आहेत, साधारण शंभर दाण्यांत एक. २०२१ च्या स्वातंत्र्यदिनी या पोषणयुक्त तांदळाची घोषणा झाली आणि मार्च २०२४ पर्यंत तो देशभर रेशनवर आला. वेचून टाकले तर त्यातलं पोषणच टाकलं जातं. घरात थॅलेसेमियाचा रुग्ण असेल तर मात्र डॉक्टरांना विचारून घ्यावं. आणि एवढ्यावर रक्त वाढेल असंही कोणी समजू नये. डाळ, पालेभाजी, अंडं यांची जागा तो दाणा घेऊ शकत नाही.

“आमच्या घराण्यातच चण बारीक”

असं म्हणून अंगणवाडीच्या वजनकाट्याकडे दुर्लक्ष होतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये मुलांच्या वाढीची मापं ठरवली, ती सहा देशांतल्या मुलांवरून, आणि त्यांत भारत होता. नीट खायला मिळालेली आपली मुलंही त्या मापाने वाढतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) वयाच्या मानाने उंची खुरटलेली पाच वर्षांखालची मुलं कर्नाटकात ३५.४ टक्के निघाली, महाराष्ट्रात ३५.२. सीमेवरून आपण १९५६ पासून भांडतो आहोत, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना दर तिसरं मूल खुरटलेलं आहे. रक्तक्षय असलेल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांचं प्रमाण कर्नाटकात सुमारे ४८ टक्के, महाराष्ट्रात ५४.

अंगठा, कार्ड आणि दोन राज्यं

सीमाभागातले लोक दोन्हीकडचं रेशन उचलतात, असं लांबून बोललं जातं. आधारशी जोडलेल्या यादीत नाव एकाच कार्डावर राहतं. महाराष्ट्राने दावा केलेल्या ८६५ गावांतल्या माणसाचं रेशनही कर्नाटकाच्याच कार्डावर येतं.

उलटा गैरसमज जास्त नुकसान करतो. बीडकडून कोयते घेऊन आलेली ऊसतोड मजुरांची टोळी बेळगाव जिल्ह्यातल्या कारखान्याच्या फडात पाच-सहा महिने राहते आणि तांदूळ-पीठ दुकानातून उचलीवर आणते, कारण “कार्ड महाराष्ट्राचं, इथं कसं चालंल?” चालतं. एक देश एक रेशन कार्ड या व्यवस्थेत दोन्ही राज्यं जानेवारी २०२० पासून आहेत. कार्डाचा किंवा आधारचा नंबर सांगून अंगठा दिला की कुठल्याही रेशन दुकानात केंद्राचा माणशी ५ किलोचा वाटा मिळायला हवा. काही जण गावी राहिले असतील तर त्यांचा वाटा गावातच उचलता येतो. कर्नाटकाचा जादा वाटा मात्र बाहेरच्या कार्डाला नाही.

बिडी वळून किंवा कोयता धरून बोटांच्या रेषा झिजतात आणि यंत्रावर अंगठा उठत नाही. तेवढ्यावरून दुकानदार परत पाठवतो, ते चूक आहे. अंगठा जुळला नाही म्हणून कोणाचं धान्य रोखू नये, असे केंद्राचे आदेश ऑक्टोबर २०१७ पासून आहेत. घरातला दुसरा माणूस अंगठा देऊ शकतो, किंवा दुकानदाराने वहीत नोंद करून धान्य द्यायचं असतं. फडावरच्या खोपीतल्या लेकरांना आणि गरोदर बाईला जवळच्या अंगणवाडीचं दारही उघडं असलं पाहिजे. फडात टोळी उतरली की गावातल्या अंगणवाडी ताईला आणि रेशन दुकानदाराला हे सांगणं मुकादमाला, कारखान्याच्या शेतकी खात्याला आणि ज्याच्या रानात खोपी पडल्या त्या मालकालाही सहज जमण्यासारखं आहे.