राखेच्या अलीकडे, राखेच्या पलीकडे

आज पहाडगडच्या लिखीछाजच्या चित्रगुहांकडे जायचे ठरले होते. ते पुढे ढकलतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका वाचकांनी, नर्मदाकाठी हथनोऱ्याला सापडलेल्या प्राचीन मानवी कवटीवरचा माझा लेख वाचून विचारले आहे, "नर्मदाकाठचा तो माणूस संपला, मग आपण तरी टिकू कशावरून?" या प्रश्नाला बगल देववत नाही. शिवाय त्याच्या उत्तराचा एक मोठा तुकडा आपल्याच मध्य प्रदेशात, सीधी जिल्ह्यात सोन नदीच्या काठी पडलेला आहे.

सुमारे 74,000 वर्षांपूर्वी सुमात्रातला टोबा ज्वालामुखी फुटला. तिथे आज शंभर किलोमीटर लांबीचे सरोवर आहे. त्याची राख बंगालचा उपसागर ओलांडून इकडे आली, सोनच्या खोऱ्यात साचली. भिंगाखाली धरा, काचेचे वाकडे, धारदार कपचे दिसतील. त्या फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती!

1998 साली मानववंशशास्त्रज्ञ स्टॅन्ली अँब्रोज यांनी मांडले, की या उद्रेकाने जगभर गारठा पडला आणि जेमतेम काही हजार माणसे उरली. साऱ्या मानवजातीत मिळून जनुकीय विविधता चिंपांझींपेक्षाही कमी का, याचे उत्तर त्यांना त्यात दिसले.

मग 2020 मध्ये सोनकाठच्या ढाबा या स्थळाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. अलाहाबाद विद्यापीठाचे जे. एन. पाल आणि ऑस्ट्रेलियाचे ख्रिस क्लार्कसन त्यात होते. तिथली हत्यारे 80,000 ते 65,000 वर्षांपूर्वीची. टोबाचा काळ बरोबर मध्ये येतो, आणि घडणावळीची रीत मोडत नाही. आधी दगडाचा गाभा बेतून घ्यायचा, मग हवा तसा छिलका काढायचा. हे कसब कुणी दाखवल्याशिवाय हाती येत नाही. आंध्रातल्या ज्वालापुरम्‌लाही राखेच्या थराखाली आणि वर सारखीच हत्यारे मिळाली. मला हा पुरावा फार मोलाचा वाटतो.

पण ढाब्याला माणसाचे एकही हाड मिळालेले नाही. हत्यारे आपल्याच जातीच्या माणसांनी केली, हा हत्यारांच्या घडणीवरून बांधलेला अंदाज आहे. त्यात जनुके सांगतात, की आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांचा बहुतेक वारसा नंतर तिथून निघालेल्या लोकांचा आहे. म्हणजे राखेतून तगलेली सोनकाठची माणसे कदाचित आपले पूर्वज नव्हेतच. संकटातून वाचणे वेगळे, वंश पुढे चालणे वेगळे. पत्रातल्या प्रश्नात ही दोन्ही एकत्र आली आहेत.

संकटातून वाचण्याबद्दल मला भरवसा आहे, पण आपल्या संख्येमुळे नव्हे. सोनकाठच्या टोळ्या लहान होत्या, मुक्काम हलवू शकत होत्या, एका पिकावर विसंबून नव्हत्या. आज आपण आठ अब्जांच्या वर आहोत आणि वनस्पतींपासून मिळणाऱ्या आपल्या ऊर्जेतला निम्म्याहून अधिक वाटा तांदूळ, गहू, मका या तिघांचा. टोबाहून कितीतरी लहान असा तंबोराचा उद्रेक 1815 साली झाला, तर पुढच्या वर्षी युरोपात पिके बुडून उपासमार झाली. ज्वारी, बाजरी, कोदो, कुटकी शेतात राहावीत असा माझा आग्रह याच कारणाने आहे.

वंश चालण्याचा भाग उरला. त्यासाठी हथनोऱ्याकडे पुन्हा जावे लागेल, तेव्हा लिखीछाज आणखी एक आठवडा लांबेल.