व्यालेल्या गाईचं रक्त काय सांगतं आणि काय नाही

गाय व्याल्यानंतरचे पहिले तीन आठवडे दूधधंद्यातले सर्वांत जोखमीचे. किटोसिस, मिल्क फिव्हर, जार अडकणं, गर्भाशयाचा दाह, चौथं पोट जागेवरून सरकणं ही सारी दुखणी याच दिवसांत गर्दी करतात. ती आधीच कळावीत म्हणून रक्ततपासणीकडे मोठ्या आशेनं पाहिलं जातं. आशा खोटी नाही, पण तिच्याभोवती गैरसमज बरेच साचले आहेत.

पहिला आणि सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे रक्त तपासलं की कोणती गाय आजारी पडणार ते ठरलंच. या तपासणीचं मूळ पाहिलं तरी तो गळून पडतो. १९७० मध्ये इंग्लंडमधल्या कॉम्प्टन इथे जे. एम. पेन आणि सहकाऱ्यांनी ‘मेटाबॉलिक प्रोफाइल’ची पद्धत मांडली, तेव्हा भाकड, मध्यम दुधाच्या आणि जास्त दुधाच्या गटांतून सात-सात गाई निवडल्या जात. प्रश्न एका गाईचा नव्हताच. कळपाला मिळणारा चारा आणि खुराक पुरतो का, हा होता.

एकेका गाईचं भाकीत का निसटतं, ते आकडेमोडीत दिसतं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या गटानं २०१४ मध्ये रक्तातल्या तीन घटकांवरून, विण्याच्या चार आठवडे आधी आजाराचा अंदाज बांधून दाखवला. आजारी पडणाऱ्या गाईंपैकी ८७ टक्के ओळखल्या गेल्या आणि निरोगी राहणाऱ्यांपैकी ८५ टक्के. ऐकायला झकास! पण अभ्यासात गाई होत्या १२, सहा निरोगी आणि सहा आजारी. आता हीच चाचणी शंभर गाईंच्या गोठ्यात लावली आणि त्यांतल्या दहा खरोखर आजारी पडणार असल्या, असं धरू. दहांपैकी सुमारे नऊ सापडतील. पण उरलेल्या ९० निरोगी गाईंपैकी तेरा-चौदा जणींवरही विनाकारण शिक्का बसेल. म्हणजे बावीस-तेवीस गाईंना ‘धोका’ म्हटलं, तर त्यांतल्या जेमतेम नऊ खऱ्या.

रक्त कधीही काढलं तरी चालतं, हाही समज तितकाच महागात पडतो. विण्यापूर्वी पाहायचं ते नेफा, म्हणजे अंगावरची चरबी वितळून रक्तात उतरलेली मेदाम्लं. त्यासाठी नमुना खुराक देण्याच्या जरा आधी घ्यावा लागतो. व्याल्यानंतर पाहायचं ते बीएचबी हे किटोन, आणि ते खाल्ल्यानंतर चार-पाच तासांनी. नमुना कुठून घेतला यानंही फरक पडतो. कासेकडून येणाऱ्या पोटावरच्या ठसठशीत शिरेतून रक्त काढणं मोहात पाडतं, पण कास स्वतःच बीएचबी शोषून घेत असल्यानं तिथला आकडा कमी येतो. शेपटीखालची शीर बरी.

दिवसाचं महत्त्व तर त्याहून मोठं. कॉर्नेल विद्यापीठाच्या जेसिका मॅकार्ट आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात न्यूयॉर्क आणि विस्कॉन्सिनमधल्या चार गोठ्यांतल्या १,७१७ गाई तिसऱ्या दिवसापासून सोळाव्या दिवसापर्यंत पुन्हा पुन्हा तपासल्या. ४३ टक्के गाईंमध्ये कधी ना कधी बीएचबी लिटरला १.२ मिलिमोलच्या वर गेलं, म्हणजे छुपा किटोसिस झाला. त्याचं शिखर होतं पाचव्या दिवशी. तिसऱ्या ते सातव्या दिवसांत प्रथम पकडल्या गेलेल्या गाईंचं पोट सरकण्याची शक्यता नंतर पकडल्या गेलेल्यांच्या सहापट होती. तोच आजार, पण आठवडा बदलला की अर्थ बदलला.

कॅल्शियमचं प्रकरण सर्वांत गमतीचं आहे. दहा लिटर चिकातून सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम जातं. गाईच्या रक्तद्रवात एका वेळी जेवढं असतं, त्याच्या हे नऊपट. त्यामुळे व्याल्यावर पहिल्या दिवशी आकडा घसरणारच. मात्र ‘घसरला म्हणजे घात’ असं नाही. मॅकार्ट आणि नेव्हिस यांच्या २०२० च्या अभ्यासात पहिल्या दिवशी कॅल्शियम उतरून चौथ्या दिवसापर्यंत सावरलेल्या गाईंनी चांगलं दूध दिलं. त्रास झाला तो आकडा खालीच राहिलेल्या किंवा उशिरा घसरलेल्या गाईंना. आणि ‘विण्याआधीच भरपूर कॅल्शियम पाजा’ हा गावोगावचा सल्ला उलटा पडतो. बाहेरून आयतं मिळालं की हाडांतून कॅल्शियम सोडवण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते आणि ऐन गरजेच्या दिवशी जागी होत नाही.

आता वादाचा मुद्दा. नेफा आणि किटोन वाढले म्हणूनच गाय आजारी पडते, हे पाठ्यपुस्तकी वाक्य. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या लान्स बॉमगार्ड यांच्या गटानं २०२१ मध्ये त्यालाच हात घातला. त्यांच्या मते हे आकडे अनेकदा आजाराचं कारण नसून शरीरात आधीच पेटलेल्या दाहाचे परिणाम असतात. आणि भरघोस दूध देणाऱ्या धडधाकट गाईतही ते वाढतात. वाद मिटलेला नाही, पण म्हणूनच खाणंपिणं झकास असलेल्या गाईला केवळ कागदावरच्या आकड्यासाठी औषधं पाजत सुटणं शहाणपणाचं दिसत नाही.

मग तपासणी कोणाच्या कामाची? मोठ्या गोठ्यात ताज्या व्यालेल्या निदान बारा गाई तपासाव्यात. दहा टक्क्यांहून अधिक गाईंचं बीएचबी चढलेलं असेल, तर दोष एखाद्या गाईत न शोधता भाकडकाळातल्या आहारात शोधावा. महाराष्ट्रातल्या चार-दोन संकरित गाईंच्या गोठ्यात हे गणित बसत नाही. तिथे व्याल्यापासून पाचव्या दिवसाच्या आसपास बीएचबी मोजणाऱ्या मीटरवर रक्ताचा एक थेंब तपासून घ्यावा, रोज ताप पाहावा आणि गव्हाणीत उरलेल्या खुराकाकडे लक्ष ठेवावं. आकडा १.२ च्या वर असेल आणि गाय खुराक टाकत असेल, तर त्याच दिवशी पशुवैद्यकाला बोलवावं.