तेलाचा दाब, तेलाचा ताप

बाजारात सुरमई घेताना ती ताजी आहे का, हे आपण कल्ले उघडून बघतो. पण समुद्रापासून बाजारापर्यंत ती ताजी राहते बर्फामुळे, आणि बर्फ तयार होतो तो कॉम्प्रेसर नावाच्या यंत्राच्या जिवावर. हे यंत्र दिवसरात्र चालतं ठेवायचं तर त्याच्या तेलावर नजर ठेवावी लागते. आज त्या तेलाविषयी बोलायचं आहे.

कविता लिहिणाऱ्या माणसाचा या विषयाशी काय संबंध, असं तुम्हांला वाटेल. मराठी घेऊन बी.ए. झाल्यावर, १९९२च्या सुमारास, कोकणातल्या एका बंदरावर बर्फाच्या कारखान्यात मी रात्रपाळीला होतो. काम एकच. दर तासाला यंत्रापाशी जायचं, गेजवरचे आकडे बघायचे आणि वहीत लिहायचे.

आधी यंत्र समजून घेऊ. अशा कारखान्यात गारवा देतो तो अमोनिया. कॉम्प्रेसर हा वायू ओढून घेतो, दट्ट्यानं दाबतो आणि पुढे ढकलतो. पुढे तो थंड होऊन द्रव होतो. त्या द्रवाची पुन्हा वाफ होताना तो मिठाच्या पाण्यातली उष्णता शोषून घेतो, आणि त्या पाण्यात बुडवलेल्या डब्यांत बर्फाची लादी गोठते. दट्ट्यांना हलवणारा जाड शाफ्ट मिनिटाला शेकडो फेरे घेतो. शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामध्ये केसाहूनही पातळ असा तेलाचा थर असतो. तो आहे तोवर धातू धातूला घासत नाही. एक छोटा पंप हे तेल फिल्टरमधून गाळून बेअरिंगपर्यंत पोचवत असतो.

तेल नीट पोचतंय की नाही, हे दाबावरून कळतं. पण इथे नवखा माणूस फसतो. समजा, ऑइल प्रेशरच्या गेजवर ४ किलो दिसतात. हा तेलाचा खरा दाब नव्हे. ज्या क्रँककेसमध्ये तेल साठलेलं असतं तिथे आत येणाऱ्या वायूचा, म्हणजे सक्शनचा, दाब आधीच असतो. तो दीड किलो असेल तर वजा करायचा. उरले अडीच किलो. बेअरिंगच्या कामाचे तेवढेच.

आता ताप. तेल तापलं की पातळ होतं. कॉम्प्रेसरमध्ये ६८ नंबरचं तेल नेहमी वापरलं जातं. ४० अंशांवर त्याचा जो घट्टपणा असतो तो १०० अंशांवर जवळजवळ आठव्या हिश्श्यावर येतो. पातळ तेल फटींतून लवकर निसटतं, दाब उतरतो आणि थर तुटण्याची भीती वाढते. शिवाय तेल दर १० अंश जास्त तापलं की त्याचं आयुष्य अंदाजे निम्मं होतं, असा कारखान्यातला ठोकताळा आहे. उलट तेल फार गार असेल तर ते घट्ट राहतं. मग काटा भरपूर दाब दाखवतो, पण बेअरिंगपर्यंत तेल पोचतं थोडंच. म्हणजे दाब जास्त दिसला की सगळं ठीक, असंही नाही.

म्हणून डॉक्टर ताप आणि ब्लड प्रेशर दोन्ही बघतात, तसे हे दोन आकडे एकत्र वाचायचे. ताप वाढतोय आणि दाब उतरतोय, तर तेल पातळ झालंय किंवा बेअरिंग झिजतंय. ताप एकदम उतरला, दाबही उतरला आणि काटा थरथरतोय, तर अमोनिया द्रवरूपातच परत येऊन तेलात उकळतोय, तेलाला फेस येतोय. ताप फारसा बदललेला नाही, पण दाब हळूहळू खाली येतोय, तर आधी तेलाची पातळी आणि फिल्टर बघायचा.

नारळी पौर्णिमा होऊन गेली होती. होड्या बर्फासाठी खोळंबल्या होत्या. त्या रात्री मला एक कविता सुचत होती. दोन वाजेपर्यंतचे आकडे मी यंत्रापाशी जाऊन लिहिले. तीन, चार आणि पाचचे मात्र खुर्चीत बसूनच, वरच्या ओळीतले उतरवले. फजरची नमाज पढून आमचे मिस्त्रीचाचा आले. वहीत ४ किलो होते, गेजवर २.९. मी म्हटलं, "चाचा, तीन किलो म्हणजे काही कमी नाही." ते म्हणाले, "सक्शन वजा कर." उरले १.४. त्यांनी यंत्र बंद केलं. फिल्टर उघडला तर तो चोंदलेला होता, आणि त्यात बेअरिंगच्या पांढऱ्या धातूची चमक होती. शाफ्ट वाचला, बेअरिंग गेलं. दोन दिवस बर्फ झाला नाही, आणि कित्येक होड्या किनाऱ्यालाच राहिल्या. चाचा आवाज न चढवता एवढंच म्हणाले, "यंत्र खरं सांगत होतं. तू वहीत खोटं लिहिलंस."

तुम्ही विचाराल, आपोआप बंद पडण्याची सोय नव्हती का? होती. ऑइल प्रेशरचा कटआउट पंपाचा आणि क्रँककेसचा दाब स्वतःच ताडून बघतो, आणि फरक ठरलेल्या मर्यादेखाली जाऊन दीडेक मिनिट तसाच राहिला की मोटर बंद करतो. सुरुवातीला दाब तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून ही सवलत. आमचा कटआउट एक किलोवर लावलेला होता, म्हणून तो पडला नाही. कटआउट शेवटच्या क्षणी वाचवतो. दाब तीन तास उतरतो आहे, हे तो सांगत नाही. ते वहीच सांगते. आणि घाईच्या दिवसांत कटआउटची वायर परस्पर जोडून यंत्र रेटणारेही भेटतात. यंत्र आतून मोडून अमोनिया बाहेर आला तर माणसांच्या जिवावर बेततं, हे ते विसरतात.

आता सेन्सर आलेत. आकडे संगणकावर आपोआप उमटतात, मोबाइलवर इशारा येतो. ही चांगलीच गोष्ट आहे. तरी गेज असो की सेन्सर, यंत्र बंद करून आतला दाब उतरवल्यावर तो शून्य दाखवतो की नाही, हे अधूनमधून तपासावंच लागतं. आणि मर्यादा किती ठेवायच्या ते त्या त्या यंत्राच्या पुस्तकात बघावं, शेजारच्या कारखान्याला विचारून नव्हे.

त्या रात्रीची कविता पुरी झाली नाही. वहीचं ते पान मात्र अजून डोळ्यांसमोर येतं. माझ्याच अक्षरात, एकाखाली एक, तीन वेळा लिहिलेला तोच आकडा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)