विशेष मुलांच्या सेवेला जाताना



गेल्या महिन्यात आरतीनंतर दोन-तीन आजी मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "डॉक्टरबाई, तुम्ही दर मंगळवारी मुलांच्या केंद्रात जाता म्हणे. आम्हालाही यायचंय. जाताना काय घेऊन जायचं?" तेवढ्यावर उत्तर देऊन भागले नसते, म्हणून वार्तापत्रासाठी हा लेख लिहीत आहे.

मी ३४ वर्षे महाराष्ट्रात डॉक्टरकी केली. निवृत्त झाल्यावर आम्ही दोघे मुलीकडे दुबईला आलो. नातू शाळेत, मुलगी-जावई कामावर, आणि दिवस रिकामा. आपल्यापैकी अनेक ज्येष्ठांची हीच स्थिती आहे. शेजारच्या एका बाईंनी मला विशेष मुलांच्या केंद्राची वाट दाखवली. त्याला आता चार वर्षे झाली. मुलांच्या खासगीपणाचा विचार करून केंद्राचे नाव देत नाही.

ही मुले कोण?

या देशात अपंगत्व असलेल्या व्यक्तींना २०१७ पासून 'पीपल ऑफ डिटरमिनेशन', म्हणजे निर्धाराची माणसे, असे म्हणतात. त्यांच्या हक्कांचा संघीय कायदा २००६ चा आहे. शारजातील 'शारजा सिटी फॉर ह्युमॅनिटेरियन सर्व्हिसेस' १९७९ पासून, दुबईतील 'अल नूर' १९८१ पासून आणि 'राशिद सेंटर' १९९४ पासून या क्षेत्रात काम करत आहेत. अबुधाबीतही अशी संस्था आहे. याशिवाय लहान-मोठी केंद्रे पुष्कळ आहेत.

केंद्रात प्रामुख्याने तीन प्रकारची मुले भेटतात. सेरेब्रल पाल्सी म्हणजे जन्माआधी, जन्मताना किंवा जन्मानंतर लवकरच मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवरचा ताबा बिघडणे. डाऊन सिंड्रोममध्ये एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. ऑटिझममध्ये बोलणे, नजर मिळवणे, आवाज आणि स्पर्श सहन करणे यांची घडण वेगळी असते. यातला कुठलाही प्रकार पूर्वजन्मीचे पाप नाही, आईच्या डोहाळ्यांचा किंवा ग्रहणाचा परिणाम नाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आयांना आजही हे ऐकवले जाते आणि ऐकवणारी मंडळी बहुधा आपल्याच वयाची असतात.

यातली बहुतेक मुले संध्याकाळी आपापल्या घरी जातात. पण परदेशातल्या घरात आजी-आजोबा नसतात, मावशी-आत्या नसते. अशा मुलाला क्षणभर एकटे सोडता येत नाही, त्यामुळे आईला कित्येक वर्षे नीट झोपही मिळत नाही. केंद्रातही प्रत्येक मुलाजवळ बसायला एकेक माणूस लागतो आणि तेवढी माणसे कधीच नसतात. ही जागा ज्येष्ठांना भरून काढता येते.

माझी चूक

सुरुवात माझ्या चुकीपासून करते.

पहिल्या वर्षी मकर संक्रांत मंगळवारच्या जवळ आली होती. मी घरून तिळगुळाचे लाडू करून नेले. केंद्राचा नियम स्पष्ट होता : बाहेरचे खाणे कोणत्याही मुलाला द्यायचे नाही. मला वाटले, सणाचा दिवस आहे, एक छोटा लाडू तर आहे. माझ्या गटात सेरेब्रल पाल्सीचा दहा वर्षांचा एक मुलगा होता. चाकाच्या खुर्चीत बसायचा, बोलता येत नव्हते, पण डबा उघडल्याबरोबर त्याचे डोळे चमकले. मदतनीस पाठमोरी असताना मी लाडवाचा तुकडा त्याच्या तोंडात ठेवला.

तो हसला. मग ठसका लागला, आणि नंतर ठसकाही येईना. ओठ निळसर व्हायला लागले. मी डॉक्टर असून क्षणभर जागीच थिजले. शेजारच्या थेरपिस्ट मुलीने धावत येऊन त्याला पुढे वाकवले, पाठीवर थापा मारल्या आणि तुकडा बाहेर पडला. पुढे तीन दिवस तो ताप येतो का, छातीत काही उतरले का, या काळजीने घरीच होता. सुदैवाने काही झाले नाही.

त्याच्या कागदपत्रांत लिहिले होते की याला फक्त मऊ, घट्टसर केलेले अन्न द्यावे. सेरेब्रल पाल्सीच्या अनेक मुलांना गिळण्याचा त्रास असतो. अन्न किंवा पाणी श्वासनलिकेत जाते, कधी ठसकाही न लागता जाते, आणि त्यातून वारंवार न्यूमोनिया होतो. पाण्यासारखे पातळ पदार्थ त्यांना जास्त अवघड जातात. हे मी पुस्तकात वाचले होते, परीक्षेत लिहिले होते. तरी त्या दिवशी विसरले, कारण मला त्याचे हसू बघायचे होते. तो लाडू त्याच्यासाठी नव्हता, माझ्यासाठी होता.

त्याची आई नंतर भेटली. मी सगळे सांगून माफी मागितली. ती एवढेच म्हणाली, "आंटी, पुढच्या मंगळवारी याल ना?" म्हणून आजींच्या प्रश्नाला माझे पहिले उत्तर : प्रसादसुद्धा न्यायचा नाही. पेढा, शेंगदाणे, साखरफुटाणे, पंचामृत, काही नाही. द्यावेसे वाटलेच तर केंद्राला विचारून त्यांच्या हाती द्यावे.

शब्द दिला की यायचे

दुसरी गोष्ट नेमाची. आपण एकादशी चुकवत नाही, तसा दिलेला दिवसही चुकवू नये. ऑटिझम असलेल्या मुलांना ठरलेल्या क्रमाचा मोठा आधार असतो. मी एकदा पुण्याला सहा आठवडे गेले आणि मुलांना काही सांगितले नाही. माझ्याजवळ बसून रंगीत मणी ओवणारी एक मुलगी दर मंगळवारी दाराकडे तोंड करून बसायची, असे परतल्यावर कळले. मी आले तेव्हा तिने तीन आठवडे माझ्याकडे पाहिले नाही. आता गावी जायचे असले की मी महिनाभर आधी शिक्षिकेला सांगते. आम्ही चित्रांचे कॅलेंडर करतो, त्यात विमान आणि परतीचा दिवस दाखवतो.

रुमानियातील अनाथालयांतल्या मुलांचा एक मोठा अभ्यास २००० च्या सुमारास सुरू झाला. तिथे पोटाला अन्न आणि डोक्यावर छप्पर होते, पण सांभाळणारी माणसे सतत बदलत. ज्या मुलांना लहानपणीच, विशेषतः दोन वर्षांच्या आत, कुटुंबात ठेवले, त्यांची वाढ आणि जवळीक बरीच सुधारली. आपण आठवड्याला दोन तास जाणारे लोक, आपण कुटुंबाची जागा घेत नाही. पण ओळखीचा चेहरा ठरल्या वेळी दिसणे ही मुलांची गरज आहे, हे त्यावरून समजते. वर्षातून एकदा वाढदिवसाला तीस जणांनी केक घेऊन जाण्यापेक्षा एकाने वर्षभर जाणे अधिक उपयोगाचे.

तिथे गेल्यावर

मी डॉक्टर असले तरी केंद्रात डॉक्टर नसते. परवान्याशिवाय इथे वैद्यकी करता येत नाही, आणि ज्याच्यावर उपचार चालू आहेत त्या मुलाबद्दल आपण मत देणे योग्यही नाही. तेल, काढा, अंगारा, "आमच्या गावच्या वैद्यांकडे न्या" हे सल्ले घरीच ठेवावेत.

मुलाशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसावे. एक छोटे वाक्य बोलावे आणि मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबावे, अनेकांना उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो. खुर्ची ढकलण्याआधी विचारावे, ती त्याच्या शरीराचाच भाग आहे. गालगुच्चा, पापा, एकदम मिठी नको. डाऊन सिंड्रोमच्या काही मुलांच्या मानेचे सांधे सैल असतात, त्यामुळे मान किंवा हात धरून ओढू नये. गुडघे, कंबर दुखत असेल तर मुलाला उचलायला जाऊ नये. सर्दी-ताप असेल त्या दिवशी फोन करून घरीच राहावे, यातल्या काही मुलांना साधी सर्दीही महागात पडते.

फोटो काढायचे नाहीत. नातेवाईकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर मुळीच टाकायचे नाहीत.

अनेक मुलांना फिट्स येतात. आली तर आसपासच्या टणक वस्तू दूर कराव्या, डोक्याखाली मऊ काही ठेवावे, मुलाला कुशीवर वळवावे आणि घड्याळात वेळ बघावी. तोंडात चमचा, बोट, पाणी काहीही घालू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, त्याचा काही उपयोग नाही. हातपाय दाबून धरू नयेत. लगेच कर्मचाऱ्यांना हाक मारावी. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका लागते, इथला क्रमांक ९९८.

दोन कायदे माहीत असावेत

पहिला मुलांच्या हक्कांचा. २०१२ मध्ये वदीमा नावाची आठ वर्षांची मुलगी घरातल्याच छळाने गेली. देश हळहळला, आणि २०१६ मध्ये आलेला बालहक्क कायदा तिच्याच नावाने ओळखला जातो. तो इथे राहणाऱ्या सर्व देशांच्या मुलांना लागू आहे. एखाद्या मुलाच्या अंगावर वळ दिसले, ते भेदरलेले वाटले, तर आपण चौकशी करू नये, घरच्यांना फोन करू नये, "कोणाला सांगणार नाही" असे वचन मुलाला देऊ नये. केंद्रातील जबाबदार व्यक्तीला त्याच दिवशी सांगावे. गृहमंत्रालयाच्या बालसंरक्षण केंद्राचा क्रमांक ११६१११ आहे. "आपल्याला काय करायचंय, दुसऱ्याच्या घरचं" ही सवय इथे सोडावी लागते.

दुसरा पैशांचा. गावी आपण सहज वर्गणी काढतो, डबा फिरवतो. इथे तसे चालत नाही. दुबईत २०१५ च्या हुकुमानुसार परवानगीशिवाय देणग्या गोळा करणे किंवा तसे आवाहन करणे मना आहे, आणि २०२१ च्या संघीय कायद्याने ते काम परवानाधारक संस्थांपुरतेच ठेवले आहे. मोठा दंड होतो, तुरुंगवासही होऊ शकतो. हेतू चांगला असला तरी ग्रुपवर "प्रत्येकी पन्नास दिरहम द्या" असा निरोप टाकू नका. द्यायचे असेल तर परवानाधारक संस्थेच्या अधिकृत खात्यात स्वतः द्या आणि पावती घ्या.

नाव कसे नोंदवावे

स्वयंसेवेसाठी या देशात २०१८ चा संघीय कायदा आहे आणि 'व्हॉलंटियर्स डॉट एई' हे राष्ट्रीय संकेतस्थळ आहे. मुला-नातवंडांकडून त्यावर नोंदणी करून घ्यावी. केंद्रे स्वतःही मुलाखत घेतात, प्रशिक्षण देतात, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला मागू शकतात. "या वयात माझा दाखला?" असा राग मानू नये. मुलांजवळ येणारा प्रत्येक जण तपासला जातो, यात मुलांचेच रक्षण आहे.

कामे साधी असतात. मणी, ठोकळे रंगांप्रमाणे लावणे, चित्रांची पुस्तके दाखवणे, कामशाळेत मोठ्या मुलांबरोबर कागदी पिशव्या करणे, जेवणाच्या वेळी नुसते शेजारी बसणे. भजन येणाऱ्यांनी टाळ नेण्याआधी विचारावे, काही मुलांना तो आवाज सहन होत नाही. संथ आवाजातली ओवी मात्र बऱ्याच जणांना आवडते, शब्द कळले नाहीत तरी.

नाथ महाराजांची कथा आपण लहानपणापासून ऐकतो. पैठणला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक पोर रडत होते. नाथांनी त्याला कडेवर घेतले, नाक-डोळे पुसले आणि त्याच्या आईबापांच्या घरी नेऊन पोचवले. त्या पोराला तेव्हा हवे होते ते एवढेच : पायाखालची तापलेली वाळू सुटावी आणि घर मिळावे. आपल्यालाही समोरच्या मुलाला काय हवे आहे ते आधी बघता आले, तर पुष्कळ झाले.

ज्यांना आठवड्याचे दोन तास किमान सहा महिने देता येतील, त्यांनी शुक्रवारच्या आरतीनंतर मला मंदिरात भेटावे. पहिल्या दिवशी मी बरोबर येईन. येताना पाण्याची बाटली आणि चष्मा आणा. डबा आणू नका.

तो मुलगा आता चौदा वर्षांचा आहे. मंगळवारी मी दारातून आत आले की खुर्चीच्या हातावर दोनदा थाप मारतो. गेल्या संक्रांतीला मी त्याच्याजवळ तीळ न घेताच गेले, आणि "गोड गोड बोला" म्हटले. त्याने दोनदा थाप मारली.

आपली,
एक निवृत्त डॉक्टर