हिमाद्रीला जायचे तर...

नॉर्वेच्या उत्तरेस, आर्क्टिक महासागरात स्वालबार्ड नावाचा द्वीपसमूह आहे. तेथील न्यू-ऑलेसुंद या छोट्या वस्तीत भारताने २००८ साली ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र सुरू केले. त्याचा कारभार गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते. विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी एखादा उद्या तेथे जाईल. त्याने काय शिकून जावे?

प्रथम कागदपत्रे. स्वालबार्डला व्हिसा लागत नाही. पण वाट नॉर्वेवरून जाते. म्हणून दोनदा प्रवेश देणारा व्हिसा हवा, नाहीतर परतताना पंचाईत!

मग झोप. ही वस्ती ७९ उत्तर अक्षांशाजवळ आहे. साधारण १८ एप्रिल ते २४ ऑगस्ट सूर्य मावळतच नाही. तेव्हा जाड पडदे ओढून, घड्याळाकडे पाहून झोपावे. वातावरणाच्या माथ्यावर मोजली, तर २१ जूनच्या चोवीस तासांत तेथे पोचणारी सौर ऊर्जा नाशिकपेक्षा जास्तच भरते. तरी थंडी का? ढग आणि बर्फ तिचा मोठा भाग परत पाठवतात. उरलेल्यातली बरीच बर्फ वितळण्यात खर्च होते. म्हणून जुलैतही लोकरीचे कपडे हवेत.

आता रीतिरिवाज. आपल्यासारखेच तेथे बूट दारात काढतात. कोळशाची धूळ घरात येऊ नये म्हणून खाणकामगारांनी ही रीत पाडली, असे सांगतात. १९६२ च्या अपघातात २१ जण दगावल्यावर येथील खाण बंद झाली, रीत टिकली. दारांना मात्र कुलपे लावत नाहीत. ध्रुवीय अस्वल दिसले, तर कोणालाही जवळच्या घरात शिरता आले पाहिजे! वस्तीबाहेर तर अस्वलाला पळवून लावण्याच्या साधनाशिवाय जायचेच नाही.

सर्वांत वेगळी रीत म्हणजे ‘रेडिओ-मौन’. वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद! तेथील मोठ्या अँटेना अब्जावधी प्रकाशवर्षे दूर असलेल्या क्वेसारांचे अतिक्षीण रेडिओसंकेत टिपतात. त्यांवरून पृथ्वीचे परिवलन आणि खंडांचे सरकणे मोजता येते. एका प्रवाशाच्या खिशातला फोनही या मोजमापात गोंधळ करू शकतो.

करून पाहा : २२ डिसेंबरला एक मीटरची काठी उन्हात सरळ उभी करा आणि तिची सर्वांत आखूड सावली मोजा. नाशिकला ती सुमारे ९५ सेंटिमीटर भरेल. न्यू-ऑलेसुंदला ऐन २१ जूनच्या मध्यान्हीसुद्धा ती सुमारे १४५ सेंटिमीटर असते. यावरून दोन्ही ठिकाणी सूर्य क्षितिजापासून किती अंश वर होता, ते काढा.